बोलण्यापुरता वेग

आमच्या सुपे भागात त्या काळी एकच मोटारसायकल होती, आणि ती नेमकी साऱ्या भागातल्या सर्वांत हळू माणसाच्या ताब्यात होती.

त्याचं नाव झिलू गावडा. गुंदच्या बाजूचा कुणबी, चाळिशी ओलांडलेला, अंगाने काटक, दाढीचे खुंट कायम आठवड्याचे. लोंढ्याच्या एका लाकूड कंत्राटदाराकडे त्याने पंधरा वर्षं बैलगाडी हाकली. सन सव्वीस साली विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून कंत्राटदाराने ती पट्ट्यावर चालणारी फटफटी घेतली, पहिल्याच दिवशी तिच्यावरून डबक्यात पडला आणि चिखल पुसत म्हणाला, "झिलू, आजपासून ही तू हाक." झिलूने तिच्याभोवती एक फेरी मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी टाकीवर थाप मारली आणि विचारलं, "खाती काय?"

या डेपोतून त्या डेपोत चिठ्ठ्या पोचवायच्या, हे त्याचं काम. आठवड्यातून एकदा तो सुप्याच्या बाजारातल्या आमच्या धर्मार्थ दवाखान्याची औषधंही आणायचा. मी तिथला कंपाउंडर. खानापूरच्या शाळेत इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेला, त्यामुळे घड्याळावर माझा फार विश्वास. खेड्यांत मलमपट्टीला जायचं असलं की डॉक्टर मला झिलूच्या मागे बसवून द्यायचे. मागच्या लोखंडी जाळीवर कांबळं चौघडी घालून मी बसे आणि त्याच्या खांद्यावरून वेगाचा काटा वाचत असे. झिलूला आकडे येत नव्हते. त्याची त्याला गरजही नव्हती.

कारण प्रत्येक रस्त्याचा वेग त्याने एकदाच ठरवून टाकला होता आणि तो इकडचा तिकडे होत नसे. लोंढ्याच्या खडीच्या सडकेवर पंचवीस मैल. मी पहिल्यांदा त्या वेगात बसलो तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं आणि वाटलं, हा माणूस शूर आहे. मग जंगलखात्याच्या लाल रस्त्याला लागल्यावर काटा पंधरावर आला. उळवीच्या जत्रेच्या दिवसांत त्या वाटेवर बारा. आणि गुंदच्या वाटेला लागलो की सहा. सहा मैलांनी शेळीदेखील आमच्याकडे दयेने बघायची.

मी आधी समजलो, खड्ड्यांमुळे असेल. पण लाल रस्त्यावर गुंदच्या वाटेपेक्षा मोठे खड्डे होते. मग समजलो, पेट्रोल वाचवत असेल. तेही नाही, कारण इतक्या सावकाश चालवलं की यंत्राला वारा लागत नाही, ते तापतं, आणि दर दोन मैलांवर फणसाखाली उभं करून निववावं लागतं. शेवटी एकदा विचारलंच.

"लोंढ्याच्या सडकेवर आपल्याला कोन वळकतंय?" झिलू म्हणाला. "पळवायची. लाल रस्त्याला गाडीवान भेटत्यात, त्यांना नुसता हात वर केला तरी चालतंय. जत्रेत भेटंल त्या यात्रेकरूला 'शरणु' म्हणावं लागतंय. शरणु म्हणाय बारा मैल पुरं."

"आणि गुंदला?"

"गुंदला घरं हाईत की."

म्हणजे असं. गुंदच्या वाटेवर अकरा घरं, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. फटफटीचा आवाज आला की प्रत्येक घरातलं कोणीतरी कुंपणाशी येऊन उभं राहणार आणि विचारणार, कुठं निघालास. त्याला उत्तर द्यायचं. न देता पुढं जायचं नाही. सहा मैलांचा वेग असा बेतलेला होता, की पहिला प्रश्न कुंपणाच्या या टोकाला सुरू व्हावा आणि शेवटचं उत्तर त्या टोकाला संपावं.

"कुठं रं निगालास झिलू?" केशर नावाची बाई सुपात तांदूळ घोळत विचारायची.

"डेपोत. चिट्टी हाय."

"मागं कोन?"

"कंपोंडर. खानापूरचा."

"लगीन झालंय?"

"न्हाई."

"का रं? दिसाय तर बरा हाय."

यापुढचं उत्तर झिलू मान वळवून, आवाज खाली आणून द्यायचा आणि केशर तोंडाला पदर लावायची. अकरा घरांत मिळून माझ्या लग्नाबद्दल काय काय ठरलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसलो, त्या दिवसाकडे येतो.

झिलूला एकच बहीण, रुक्मा. त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. गुंदच्या परशूला दिलेली. भातकापणी संपता संपता कोयता तिच्या हातून सुटून पावलावर पडला. घरी पाला बांधला, आठ दिवस गेले, पाऊल काळं पडलं. परशू आणि चौघांनी तिला कांबळ्याच्या डोलीत घालून आमच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, घोट्याच्या वर कापावा लागेल.

"औषध द्या," परशू म्हणाला. "पाय न्हाई."

एवढंच बोलून तो मुलीकडे आणि गुरांकडे बघायला परत गुंदला गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दौऱ्यावरचे सर्जनसाहेब सुप्यात मुक्कामाला होते. त्यांनी रुक्माचा पाय पाहिला आणि सांगितलं, "आज कापला तर जगेल. उद्या मी नसेन आणि परवा ही नसेल." ते दुपारी दोनला हल्याळकडे निघणार होते. पण नवऱ्याच्या अंगठ्याशिवाय सुरी लावणार नाही, हा त्यांचा नियम. भावाचा अंगठा चालेल का, असं झिलूने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नाही.

तेव्हा आठ वाजले होते. गुंद गाडीवाटेने अठरा मैल. अर्धा लाल रस्ता, अर्धी ती अकरा घरांची वाट. परशूला गाठायचं, समजवायचं, मागे बसवून आणायचं. डॉक्टरांनी मला सोबत धाडलं. शिकलेला माणूस असला तर परशू ऐकेल, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं.

लाल रस्त्यावर झिलूने वीस मैल गाठले. वाटभर तो परशूला काय सांगायचं त्याची तालीम करत होता. "दाजी, पाय ऱ्हाऊ दे म्हणालासा तर माणूस ऱ्हात न्हाई." मग थोडं थांबून, "न्हाई, असं नगं. दाजी, तुमची पोरगी ल्हान हाय." वारा ती वाक्यं माझ्या तोंडावर आणून आदळत होता.

गुंदच्या वाटेला लागलो आणि सवयीने काटा खाली येऊ लागला. अठरा, बारा, आठ.

"झिलू," मी ओरडलो, "कमी करू नकोस."

"घरं आली."

"येऊ देत. आज बोलायला वेळ आहे का? दोन वाजता साहेब जातात."

"मुक्यानं जाणं बरं न्हवं, कंपोंडरा."

"परत येताना बोल. बहीण महत्त्वाची का केशरची चौकशी महत्त्वाची?"

हे बोललो ते मीच. झिलूने मान खाली घातली, धुळीसाठी तोंडावर पंचा बांधला आणि काटा पुन्हा वीसवर नेला. केशर कुंपणाशी उभी होती. तिचे ओठ हललेले मला दिसले, शब्द मागे राहिले. पुढच्या घरी नागू म्हातारा काठी टेकत आला, त्याने हात वर केला, आम्ही गेलो. तिसऱ्या घरची माणसं अंगणात उभी राहून नुसती बघत होती. मागे वळून पाहिलं तर त्यांतला एकजण टेकाडाकडे धावत होता. मला वाटलं, गुरं सुटली असतील. टेकाडावरून लांब हाक ऐकू आली, मग पलीकडच्या डोंगरावरून तशीच दुसरी. झिलूची पाठ ताठ झाली. मी घड्याळ पाहिलं आणि खूश झालो. अकरा घरं आम्ही अर्ध्या तासात मागे टाकली होती.

परशूच्या अंगणात शिरलो तेव्हा सव्वानऊ होत होते. अंगणात चूल विझवल्याचा ओला धूर होता. दारात परशूची आई गिरजा बसलेली, केस सुटलेले. तिच्या मांडीत रुक्माची सात वर्षांची शांती तोंड खुपसून. झिलूला पाहताच म्हातारी उठली, त्याच्या गळ्यात पडली आणि तिने हंबरडा फोडला.

"माझी सून गेली रं झिलू."

मी म्हटलं, "कोण गेली? रुक्मा जिवंत आहे. आत्ता तासाभरापूर्वी तिने पाणी मागितलं."

शेजारचा लखू पुढे आला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं माणूस उन्हात वेडा झालेल्याकडे पाहतो.

"कूक आली डोंगरावनं," तो म्हणाला. "झिलू मुक्यानं आला म्हणून."

आणि मग मला ते कळलं, जे या अकरा घरांतल्या दुधपित्या पोरालाही ठाऊक होतं. या वाटेवर उत्तर न देता जाणारा माणूस एकच असतो: मयताची खबर घेऊन निघालेला. त्याने वाटेत कोणाशी बोलायचं नसतं. खबर ज्या घरची, त्या घरीच तोंड उघडायचं. तो मुका गेला की लोक समजतात, टेकाडावर जाऊन हाक देतात, तीच कूक, आणि ती फटफटीच्या पुढे धावते. झिलूची बहीण दवाखान्यात आहे हे सर्वांना ठाऊक होतं. झिलू मुका, तोंडाला पंचा, वीस मैलांनी गुंदकडे चाललेला. आणखी काय समजायचं?

मी अंगणात खाली बसलो. शाळेत माझा भूमितीत पहिला नंबर होता.

"परशू कुठं हाय?" झिलूने विचारलं.

"गेला की," लखू म्हणाला. "बारा जण गेलं. पायवाटेनं. बांबू घेतलं, दोरी घेतली. सवाष्ण म्हणून नवं लुगडं घेतलं वाण्याकडनं. मयत आणाय."

पायवाट म्हणजे डोंगर उतरून सरळ सुप्याला, नऊ मैल. त्यावर फटफटी जात नाही. मी लखूला म्हटलं, धावत जा, हाक मार, परत बोलाव. तो म्हणाला, ते आता खालच्या रानात शिरले, तिथं हाक पोचत नाही. त्यातून मयताच्या कुकीनंतरची दुसरी कूक कोणी ऐकत नाही. भूत आवाज काढतंय म्हणतात.

म्हातारी एव्हाना रडायची थांबली होती. तिने झिलूचे दोन्ही खांदे धरले.

"जिती हाय?"

"जिती हाय, मावशी."

"मग मुक्यानं का आलास?"

"घाई हुती."

"जित्या माणसासाठी कसली रं घाई?" ती म्हणाली आणि त्याच्या छातीवर एक बुक्की मारली. मग वळून तिने मलाही मारली. माझी तिला ओळखसुद्धा नव्हती.

परत निघालो. आता वेगाबद्दल मी एक अक्षर बोललो नाही, कारण वाटेतल्या प्रत्येक घरातून एकेक माणूस सुप्याला निघायच्या तयारीत होता. झिलू प्रत्येक कुंपणाशी थांबला, पंचा काढून हातात धरला, म्हणाला, "जिती हाय." आणि प्रत्येक घराने त्याला तोच प्रश्न विचारला, मग मुका का गेलास. पहिल्या घरी तो म्हणाला, "चुकलं." दुसऱ्या घरीही तेच. एकदाही त्याने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

मयताची खबर समजून नागू म्हाताऱ्याने शिजलेला भात उकिरड्यावर टाकला होता. "आता भाताचं काय?" तो म्हणाला. केशरने डोळे पुसले आणि विचारलं, "ह्ये कंपोंडरचं डोस्कं का?" झिलू म्हणाला, "न्हाई, माझं." यंत्र दोनदा तापलं, एकदा पट्टा निसटला. सुप्यात शिरलो तेव्हा एक वाजायला आला होता.

दवाखान्याच्या ओसरीवर बारा माणसं भिंतीला टेकून बसली होती. माझ्या औषधांच्या कपाटाला तिरडी टेकवून ठेवली होती. हिरवे बांबू, नवी दोरी, आणि त्यावर घडी घातलेलं हिरवं लुगडं. परशू पायरीवर बसला होता. उजवा अंगठा बाकीच्या हातापासून लांब धरलेला, त्यावर शाई. आतून उग्र गोड वास येत होता. मी तो ओळखला. क्लोरोफॉर्म.

शिपाई लक्ष्मण हळूच म्हणाला, "काम चालू आहे. नवरा साडेअकराला आपणहून आला. साहेबांनी कागद पुढे केला, मी 'इथे' म्हटलं, त्याने अंगठा दिला. विचारलंसुद्धा नाही काही. साहेब खूश झाले. म्हणाले, अडाणी लोक नव्हेत हे, स्ट्रेचरसुद्धा बरोबर आणलंय."

मी तिरडीकडे पाहिलं, मग लक्ष्मणकडे. तो धारवाडकडचा, आमच्याकडे येऊन त्याला महिना झाला होता; इथली बोली आणि इथली तिरडी, दोन्ही त्याला अनोळखी. डॉक्टर आत क्लोरोफॉर्म धरून बसलेले; त्यांनी ओसरी पाहिलीच नव्हती.

परशूने मान वर केली. डोळे रडून सुजलेले. "झिलू," तो म्हणाला, "आत कापत्यात का रं तिला? मेल्यावर बी कापत्यात म्हणं. म्हटलं, कापू देत, पर द्या लवकर. उन्हं उतरायच्या आत न्ह्यायची हाय."

"कागद कसला होता, विचारलंस?" मी म्हणालो.

"मयताचा. आनि कसला?"

म्हणजे जिवंत बायकोच्या पायाला जो अंगठा त्याने तीन दिवस दिला नव्हता, तो मेलेल्या बायकोसाठी एका क्षणात दिला होता. आता हे त्याला सांगायचं होतं, आणि बारा माणसांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं.

सांगितलं झिलूने. त्याच्या शेजारी पायरीवर बसून, सावकाश. "दाजी, ती जिती हाय. मी मुक्यानं गेलो, माझं चुकलं. ती जिती हाय, आनि आत तिचा पाय कापत्यात. तुमी दिलेल्या अंगठ्यावर."

मला वाटलं होतं, जिवंत ऐकून परशूचा चेहरा उजळेल. तो उजळला नाही. तो राखेसारखा झाला. परशू उठून दाराकडे धावला. "पायाला मी अंगठा दिल्याला न्हाई. थांबवा. कागद फाडा."

झिलू त्याच्या आधी दारात पोचला आणि चौकटीच्या दोन्ही बाजू धरून उभा राहिला. परशूने त्याला शिव्या घातल्या, छातीवर ढकललं, बहिणीचा वैरी म्हणाला. अकरा घरांना उत्तरं देत आलेला झिलू त्याला एका शब्दाने उत्तर देईना. बाकीचे उठून उभे होते, पण कोणाच्या बाजूने जावं ते कोणालाच कळत नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. झिलूला बाजूला सारून डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या हातात ताट, ताटावर फडकं. "जगेल," ते म्हणाले. मग तिरडी दिसली आणि त्यांचं बोलणं तिथंच तुटलं.

परशू फडक्याकडे बघत खाली बसला.

मग त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या म्हादूने घसा खाकरला. "बांधलेली तिरडी रिकामी परत न्हेत न्हाईत," तो म्हणाला. "घरातलं दुसरं कोन तरी मागती ती." बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांनी डॉक्टरांकडून ताट मागून घेतलं. फडक्यातलं पाऊल तिरडीवर मधोमध ठेवलं, त्याला नऊवारी लुगडं गुंडाळलं, आणि चौघांनी ती उचलून काळी नदीच्या काठाला नेली. सर्जनसाहेब खिडकीतून हात पुसत पाहत होते. त्यांनी मला विचारलं, हे काय चाललंय? मला तीन इयत्तांचं इंग्रजी येत होतं. त्यात हे बसेना.

संध्याकाळी झिलू फटफटीपाशी उभा होता. मी जवळ गेलो. माफी मागायची म्हणून गेलो, पण तोच आधी बोलला.

"बोलत बोलत गेलो असतो तर परशू घरी गावला असता," तो म्हणाला. "आनि न्हाई म्हणाला असता."

"म्हणजे बरं झालं?"

"बरं झालं असं म्हणू नगंस," झिलू म्हणाला. "म्हातारीला रडवलंय आपण."

चौथ्या दिवशी रुक्मा नीट बोलू लागली. मी पट्टी बदलत होतो. परशू खाटेशी उकिडवा बसला होता. चार दिवसांत त्याने तिच्याकडे नजर उचलून पाहिलं नव्हतं. झिलू दाराशी उभा होता. बायकांच्या वॉर्डातल्या कोणीतरी तिला सगळं सांगितलं असावं.

"मी जिती हाय म्हणून इच्चारलं असतं," रुक्मा म्हणाली, "तर दिला असतास अंगठा?"

मला वाटलं, परशू खोटं बोलेल. त्याच्या जागी मी असतो तर बोललो असतो.

"न्हाई," परशू म्हणाला.

रुक्माने छपराकडे पाहिलं. "मग बरं झालं मी मेले ते."

झिलूने तोंड फिरवलं. परशू मान खाली घालून जमिनीवरची काडी मोडत होता.

"लुगडं कसलं हुतं?" तिने विचारलं.

"हिरवं. तांबड्या काठाचं."

"नवं?"

"नवंच."

"नऊवारी?"

"व्हय."

"एका पायाला नऊ वार," रुक्मा म्हणाली. "आता उरलेल्या बाईला किती आणतोस बघू."

परशू उठला. पहिल्यांदाच त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग खुंटीवरचा पंचा खांद्यावर टाकून तो बाजाराच्या वाटेला लागला.